मनकर्णेचं लुगडं

"त्या पांढऱ्याले हात लावू नका, जवाई," सुंदराबाई म्हणाली आणि डोमाजीच्या हातातलं लुगडं तिनं ओढून घेतलं.

मनकर्णा खाली चटईवर होती. कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं संपलं. बायांनी नुकतीच आंघोळ घालून तिच्यावर चादर टाकली होती. तिची आई सुंदराबाई बाळापूरहून सकाळच्या मोटारीनं आली, ती हिरवं लुगडं, हिरवा चुडा आणि कुंकवाची पुडी घेऊनच. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई सवाष्ण. तिला हिरव्यात पाठवायचं, कपाळभर कुंकू लावायचं, हे सुंदराबाईला कुणी सांगायला लागत नव्हतं. ती स्वतः विधवा, कुंकवाला तिचा हात चालत नव्हता. म्हणून शेजारच्या तानुबाईला तिनं उभं करून ठेवलं होतं. तानुबाई पुडी मुठीत धरून एकदा सासूकडं बघे, एकदा जावयाकडं.

छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाताना नवराबायकोनं पांढरं घेतलं होतं. डोमाजीचं धोतर वर्षभरात विरलं, मग तो जुन्या कपड्यांवर आला. मनकर्णेनं मात्र पुन्हा रंगीत नेसलंच नाही. एक फाटलं की दुसरं पांढरं. दोघंही अकोल्याच्या एका जिनात कामाला होते. तो रुईच्या गठाणी दाबायचा, ती कापसातला कचरा वेचायची. तिथल्या बाया तिला तोंडावर पांढऱ्या पायाची म्हणत. नवरा जिता असून पांढरं नेसते, म्हणजे त्याचं मरणच मागते, असं म्हणून तिच्या वाटेवर थुंकत. शेवटी मुकादम किसनरावानं बजावलं, मालकाच्या समोर रोज हा अपशकुन नको, रंगीत नेसून ये नाहीतर येऊ नको. दुसऱ्या दिवशी ती नीळ देऊन धुतलेलं पांढरं नेसून गेली. फाटकातूनच परत आली. त्यानंतर सडकेवर गिट्टी फोडायला लागली, तिथंही पांढऱ्यातच.

"तिनं सांगून ठेवलं हाय, मामी," डोमाजी म्हणाला. "पांढऱ्यातच न्या म्हने."

"तापात बोलली असंन."

"ताप नोता तवाच बोलली."

दारात खुशालराव उभा होता. वस्तीत बुद्धवंदना तोच म्हणायचा. त्यानं मध्येच तोंड घातलं. कुंकू लागलं तर वस्तीतला एक माणूस खांदा देणार नाही, पुन्हा जुन्या चिखलात जायचं असेल तर खुशाल जा, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलला.

"मंग मी एकटा उचलून नेतो," डोमाजी म्हणाला. "तू चूप बस. माही बायको मेली, तुही सभा नाई हे."

खुशालराव दारातून बाजूला झाला. जावई सासूच्या बाजूला झुकला असं वाटून तानुबाईनं पुडी सोडायला घेतली. डोमाजीनं तिला सांगितलं, ते राहू दे आणि घरी जा. ती जागची हलली नाही, पण पुडी तिनं पदराआड केली.

सुंदराबाईनं पांढरं लुगडं छातीशी धरलं होतं. तिचा आवाज चढला नाही.

"तुमाले ठाव हाय का हे काय असते? इचा बाप मेला तवा मी जवान होती. त्याच दिवशी अंगावरचं ओढलं अन् पांढरं टाकलं. लगनात मांगं बसा, बारशात मांगं बसा, रस्त्यानं चालली तं बाजूनं चाला. मले ज्यानं जाळलं थे माह्या पोरीवर टाकता? अन् तुमीच मेल्यावानी दिसते ना ते."

पांढऱ्याचा अर्थ आता आपल्यात वेगळा, हे सभेत डोमाजीनं ऐकलं होतं, मान हलवली होती. पण जिनातून घरी आल्यावर ती चुलीपुढं पांढऱ्यात बसलेली दिसली की दर खेपेस तो नजर वळवी.

"मलेई तसंच दिसे," तो म्हणाला. "मले कदी चांगलं नाई दिसलं. पन अंग तिचं हाय, मामी."

त्यानं हात पुढं केला. सुंदराबाईनं लुगडं हातात दिलं नाही, जमिनीवर टाकलं. हिरवं गाठोड्यात कोंबून ती बाहेर ओट्यावर पाठ करून बसली. कुणीतरी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. आत बायांनी मनकर्णेला पांढरं नेसवलं. कपाळ तसंच राहिलं.

तिरडी निघाली. पुढच्या बाजूला डोमाजी, त्याच्या जोडीला खुशालराव. तो आला होता. वस्तीतल्या बाया सडकेच्या वळणापर्यंत जायच्या, तिथून मागं फिरायच्या. सुंदराबाई त्यांच्यात, पण चार हात सोडून.

वळणावरच्या नळाला बाया पाणी भरत होत्या. एकीनं घागर नळाखाली लावली, पांढरं लुगडं पाहिलं आणि हळहळून सुंदराबाईला विचारलं, "सुटली व माय. नवरा कवा मेला व इचा?"

डोमाजीनं ऐकलं.

"मेला नाई," मागून सुंदराबाई म्हणाली. "थो काय, पुढं खांदा देऊन राहिला."

"अवो, मंग पांढरं काहून?"



"मले लोकाईनं नेसवलं होतं," सुंदराबाई म्हणाली. "माही पोरगी आपल्या मनानं नेसली."

घागर भरून वाहत होती. सुंदराबाई वळली आणि मोटार अड्ड्याकडं चालू लागली. जावयाकडं तिनं पाहिलं नाही.

पुढं मसनवटीपर्यंत लांब वाट होती. खांदा बदलायला एकेक जण येत होता. डोमाजीनं तो कुणाला दिला नाही.