हवा न काढलेली गादी

माझा जावई हद्दू नीट वागायला लागला, तिथून माझी तक्रार सुरू होते.

इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरात घरजावई म्हणून राहतोय. माझ्या चुलीवरचं खातो, माझ्या खेचरांवर पोट भरतो. चहाचा पेला पुढे केला की म्हणायचा, "यम्मा, गावातली साखर संपली का?" आमच्याकडे आईला यम्मा म्हणतात, पण हा खेचराला हाक मारावी तसा म्हणायचा. चपला उंबऱ्यात आडव्या. जेवून उठला की तोंड पुसायला माझ्या लेकीची शाल. मी त्याला शिव्या द्यायची, तो मला उलटून बोलायचा, आणि घर सुखात चाललं होतं.

मग एका दुपारी त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "फार छान झालाय चहा. तुम्हाला त्रास दिला."

तुम्हाला! माझी लेक इत्तो कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"ऊन लागलंय ह्याला," मी म्हटलं.

ऊन लागलं नव्हतं. खोट त्या गादीत होती.

झालं होतं असं, की शहरातल्या एका माणसाने हद्दूला वाटाड्या म्हणून नवं काम दिलं. परदेशी लोकांना खिंडीपलीकडे न्यायचं, पण खेचरं न घेता. आपलं ओझं आपल्याच पाठीवर. पैसे मोजून हमाली करणारे लोक मी पहिल्यांदाच ऐकले. आता खेचर नाही म्हटल्यावर खोगीर नाही, आणि खोगिराखालचं जाड कांबळंही नाही, ज्यावर आमचे पुरुष डोंगरात पिढ्यान् पिढ्या झोपत आले. हद्दूला पाठीवर मावेल असं हलकं अंथरूण हवं होतं. तेही स्वस्तात, कारण त्याच्या मुठीतून नाणं सुटायचं म्हणजे दाढ उपटल्यासारखं.

आठवड्याच्या बाजाराला मी त्याच्याबरोबर गेले. परदेश्यांनी टाकलेलं सामान विकणारा एक माणूस तिथे बसतो. त्याच्याकडे तीन तऱ्हा होत्या. एक स्पंजाची वळकटी, राखाडी, काटा टोचला तरी काही न होणारी. दुसरी नवीकोरी हवेची गादी, पातळ, कुशीवर वळलं की सुक्या पाचोळ्यासारखी कुरकुरणारी. आणि तिसरी नारिंगी, वापरलेली, तळहाताइतकी जाड, कोपऱ्यात एक ठिगळ. ती टम्म फुगवून खांबाला टेकून उभी केली होती. लांबून वाटावं, कोणीतरी उभं आहे.

"स्पंज घे," मी म्हटलं. "फुटत नाही, फुगवावा लागत नाही."

"यम्मा, तुला काय कळतं? थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते. स्पंजावर झोपलो तर पहाटे मला खरवडून काढावं लागेल."

"मग नवी घे."

"तिची किंमत ऐकलीस का? आणि सकाळपर्यंत तिची भाकरी होते."

दुकानदाराने नारिंगी गादीवर थाप मारली. "ही बघ. माझ्याकडे आली तेव्हा फुगलेली होती, अजून तशीच आहे. एक फुंकर गेली नाही."

हद्दूचे डोळे चमकले, कारण आमच्यात पखाल अशीच विकत घेतात. बकऱ्याचं कातडं शिवून, फुंकून, तोंड बांधून टांगून ठेवायचं. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत जी तशीच राहील ती खरी. शहाणा माणूस फुगलेली पखाल तशीच घरी नेतो, म्हणजे वाटेत दुकानदाराने बदलली नाही याची खात्री. पण घरी आणण्याआधी एक काम करायचं असतं, ते मला माझ्या आईने शिकवलं. पखाल आधी ओढ्यावर न्यायची, गावाच्या खालच्या अंगाला. देवाचं नाव घ्यायचं आणि तोंड पाण्याकडे करून परक्याचा श्वास वाहत्या पाण्यावर सोडायचा. मगच तिला उंबरा ओलांडू द्यायचा.

"ओढ्यावर थांबूया," परतताना मी म्हटलं.

"ती पखाल असते, यम्मा. हे प्लॅस्टिक आहे. प्लॅस्टिकला कुणाचा श्वास लागतो का?"

आणि ते नारिंगी धूड खेचरावर उभं बांधून त्याने गावातून मिरवत आणलं. बायका धुणं सोडून हसत होत्या, मला विचारत होत्या. "लाल्ला तुदा, जावयाने दुसरी बायको आणली का?" मीही हसले. ते हसू मला पुढे महाग पडलं.

गच्चीवर सावलीत गादी पसरून हद्दू रोज वामकुक्षी घ्यायला लागला. म्हणे, सवय व्हायला हवी. पहिल्या दिवशी जरा मऊ वाटली म्हणून त्याने बूच उघडून त्यात आणखी फुंकलं. देवाचं नाव घेतलं नाही. मी खालून ओरडले, तर म्हणाला, "देवाला माझी गादी फुगवण्यापेक्षा बरी कामं आहेत."

त्याचं ते शेवटचं धड बोलणं. पुढे रोज झोपून उठला की तो थोडा थोडा सुधारत गेला. चपला जोडून ठेवायचा. अंथरुणाच्या घड्या करायचा. इत्तोला म्हणायचा, "बसा, मी पाणी आणतो." माझ्या लेकीला आधी मजा वाटली. मग एका दुपारी ती जिना उतरून आली ती पांढरीफटक.

"यम्मा, तो झोपलाय ना, तर त्याचा श्वास चाललाय."

"चालायलाच हवा."

"त्याच्या खालीही चाललाय."

मी वर गेले. भर दुपार होती, दगडावर हात ठेवला तर भाजावा असं ऊन. हद्दू पालथा झोपला होता. त्याची पाठ वर खाली होत होती. गादीही होत होती, पण त्याच्याबरोबर नाही. ती सावकाश होत होती. त्याचे तीन श्वास होईपर्यंत तिचा एक. मी बघत उभी राहिले, तर हद्दूचा श्वासही हळूहळू मंद होत तिच्या चालीवर आला. मी त्याच्या मानेला हात लावला. त्या उन्हात त्याची मान ओढ्यातल्या दगडासारखी गार होती.

संध्याकाळी तो ओसरीतून आत आला आणि दारात वाकला.

आता हे नीट ऐका. माझं दार बुटकं आहे खरं, पण हद्दू माझ्या खांद्याला लागतो. त्या दारातून तो खेचरावर बसून गेला असता तरी डोकं आपटलं नसतं. आणि तो वाकला, वरच्या लाकडाला तळहात लावून, मान एका बाजूला कलवून. असं वाकताना मी एकालाच पाहिलं होतं.

मागच्याच्या मागच्या शरदात एक परदेशी आमच्याकडे उतरला होता. एकटाच. उंच, ताडासारखा. पहिल्यांदा आत येताना त्याने कपाळ असं आपटलं की इत्तोने कांदा फोडून लावला. पुढे प्रत्येक वेळी तो असा वाकायचा. पेला दोन्ही हातांनी धरायचा, छातीवर हात ठेवायचा, पोरीबाळींनाही अहोजाहो करायचा. असा गोड माणूस. खिंडीवर ढग बसलेले होते. मी त्याला म्हटलं, जाऊ नको. तो हसला, म्हणाला, "सकाळी लवकर निघेन. एकट्याला वेळ लागत नाही," आणि गेला. बर्फ वितळल्यावर आमच्या आळीतल्या बाह्हाने त्याला खेचरावर घालून खाली आणलं.

मी बाह्हाला बोलावलं, गच्चीवर नेलं आणि गादी दाखवली. म्हातारा मागे सरला.

"ही त्याच्या अंगाखाली होती, तुदा. खडकाच्या आडोशाला झोपला होता, लेकरासारखा."

"मग बाजारात कशी गेली?"

"मीच विकली. कागद सरकारने नेले, हिला कुणी विचारलं नाही."

"हवा काढली होतीस का?"

"कशाला काढू? फुगलेलीला जास्त भाव येतो."

त्याला काय बोलले ते इथे सांगत नाही. ऐकणाऱ्याचे कान जळतील.

खाली आले तर हद्दू खिंडीकडे तोंड करून उभा होता. पाठीवरची पिशवी भरून तयार. त्याची माणसं शहरातून दुसऱ्या दिवशी यायची होती.

"मी सकाळी लवकर निघेन म्हणतो," तो म्हणाला. "एकट्याला वेळ लागत नाही."

इत्तोने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. माझ्या लेकीचा नवरा वर जाऊन कुठल्या खडकाच्या आडोशाला निजणार, ते मला इथून दिसत होतं.

"गादी सोडून देऊ ओढ्यावर," इत्तो कुजबुजली. "आत्ताच."

"त्यात तुझ्या नवऱ्याचाही श्वास आहे, बाई. बूच काढलं की दोघंही जातील."

मी चुलीपाशी बसले आणि विचार केला. शाळेत मी गेले नाही, पण पोती आयुष्यभर भरली. पोत्यात जे शेवटी ओतलं, ते आधी बाहेर येतं. हद्दूने मागून फुंकलं, म्हणजे त्याचं वरच्या थरात. ते त्याचं त्यालाच परत प्यायला हवं. आणि तिथेच थांबवायला हवं, एक घोट जास्त गेला तरी दुसरा आत शिरलाच. पण पोतं डोळ्यांना दिसतं. श्वास कुणाचा, कुठे संपला, हे कसं ओळखायचं?

उजेड होता तोवर मी म्हटलं, "पाव्हणं, जरा गादी घेऊन चला माझ्याबरोबर."

"आनंदाने," तो म्हणाला. पाव्हणं म्हटलेलं त्याला खटकलंही नाही.

ओढ्याच्या खालच्या अंगाला माझा पुदिना आहे, तिथे मी त्याला पालथं झोपवलं. बुचाला तोंड लावायला सांगितलं. इत्तोने त्याचे पाय धरले. मी देवाचं नाव घेतलं आणि बूच फिरवलं. त्याचे गाल फुगले. आणि मी सुरुवात केली.

"हद्दू, तुझ्या बापाने तुला जन्म दिला तेव्हा खेचर मागितलं होतं, चुकून तू मिळालास."

त्याने तोंड बाजूला घेतलं, मी झटकन बुचावर अंगठा दाबला. "आपण म्हणता ते खरं असेल."

"पी! लग्नाच्या दिवशी सनईवाल्याच्या मांडीवर झोपलास, आठवतं? माझ्या पोरीने मेंदीच्या हातांनी तुला उठवलं!"

"क्षमा करा."

"पी म्हणते ना! तुझी आई तुला भाकरी द्यायची ती मोजून नाही, तुझं तोंड हुंगून द्यायची, कारण तू खोटं बोलून दोनदा घ्यायचास!"

त्याच्या मानेची शीर उभी राहिली. मी ओळखलं, कुठेतरी लागलं. घशातून एक गुरगुर आली. मी त्याच्या खेचराची निंदा केली, त्याच्या मिशीची केली, मग त्याच्या थोबाडाजवळ वाकून हळूच म्हटलं, "आणि तुला गादी निवडता येत नाही. त्या दुकानदाराने तुला गाढवासारखं फसवलं."

"तुझी जीभ कुत्र्याला घातली तर कुत्रं मरेल, म्हातारे!" तो किंचाळला.

हा माझा हद्दू होता. मी त्याचे केस धरून त्याला बाजूला फेकला.

उरलेली हवा पाण्याकडे जात राहिली. एवढ्याशा गादीत मावेल त्याहून कितीतरी जास्त. उन्हं उतरली, इत्तो थरथरायला लागली, तरी ती जातच होती, गार, बर्फाच्या वासाची. बुचासमोरचा माझा पुदिना बघता बघता काळा पडला, हिवाळ्यात पडतो तसा. शेवटची फुंकर निघाली ती माणूस झोपेत कूस बदलताना सोडतो तशी. मग नारिंगी गादी नुसतं कापड होऊन पडली. मी तिच्यावर दगड रचले.

सकाळी हद्दूने चहाचा घोट घेतला आणि थुंकला. "यम्मा, ह्यात पुदिना कुठाय? गवत उकळलंस का?" इत्तो रडली, मी त्याला उलथनं फेकून मारलं. त्याच्या चपला उंबऱ्यात आडव्या पडल्या होत्या. बाहेर परदेशी लोक आपापली ओझी घेऊन उभे होते. मी आधीच बाजारातून आणवून ठेवलेली स्पंजाची वळकटी त्याच्या पिशवीवर बांधली. तो कुरकुरला, मला म्हातारी म्हणाला, पिशवी पाठीवर टाकली आणि निघाला.

दारात त्याचा तळहात वरच्या लाकडाला लागला. मान एका बाजूला कलली. थोडीशीच. त्याला स्वतःला कळलंही नसेल.

इत्तोने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, त्याच्या पिशवीचा पट्टा धरला आणि सगळ्यांसमोर, बाहेरच्या परक्यांनाही ऐकू जाईल एवढ्याने म्हटलं:

"हद्दू, मागे फिर. तू जेवढा परत आलास तेवढा मला पुरे. शिव्या दे, चपला आडव्या टाक, सगळं चालेल. पण दारातून वाकणारा जो कोणी तुझ्याबरोबर निघालाय, त्याला मी ह्याच उंबऱ्यात एकदा 'जाऊ नको' म्हटलं होतं. तेव्हा तो पाहुणा होता, त्याला विनवावं लागलं. आता तो माझ्या जावयात राहतोय. जावयाला मी विनवत नाही. पिशवी खाली ठेव आणि बस."