मठाच्या फरशीतलं जातं

हाविसला त्या उन्हाळ्यात जागेपणीही स्वप्नात असल्यासारखंच वाटायचं. आणि वाटणारच ना! मरी येऊन गेलेली, अर्धी घरं ओस पडलेली, शेळ्या कुणाच्याही दारातून आत शिरून कुणाच्याही बिछान्यावर जाऊन बसायच्या. आणि गावाभोवती गहू असा पिकलेला, असा पिकलेला, की जरा वारा आला तरी सगळं शिवार सोन्याच्या पाण्यासारखं हलायचं. पण कापणार कोण? शेत मठाचं, वेठ गावाची, आणि गावात माणसंच उरली नव्हती.

म्हणून तर मठाचा कोठावळा थर्स्टन स्वतः तिच्या दारात आला! एरवी घोड्यावरून खाली न उतरता हुकूम सोडणारा साधू, आज उंबऱ्याशी उभा राहून घाम पुसत होता. हाविस विळा घेऊन निघाली की बाकीच्या बायका तिच्या मागून निघतात, हे त्याला पक्कं माहीत.

"बरं बाई, वेठ नको तर नको. मजुरी देतो."

"मजुरी तर पलीकडचा जहागीरदारही देतोय, महाराज."

"मग काय हवंय? दुपारी मटण देऊ? बिअर?"

"माझ्या आईचं जातं."

गावानं दळायचं ते मठाच्या गिरणीतच, पिठातला वाटा तिथेच ठेवून यायचं, हा आजोबा-पणजोबांपासूनचा नियम. घरी दळताना कुणी सापडलं की शिपाई जात्याचा वरचा दगड उचलून न्यायचे. आणि ते दगड फेकून नव्हते दिले हां! मठाच्या मोठ्या दालनाची फरशीच केली होती त्यांची. खंड भरायला गेलं की आपल्याच आयांच्या जात्यांवर उभं राहायचं आणि मान खाली घालायची. खाली घातली की पुन्हा दिसणार तेच.

"वेडी का काय तू? नवा दगड घडवून देतो."

"नवा नको."

"अगं, ती फरशी चुन्याशिवाय बसवलीय, एकात एक ठोकून. एक काढला तर..."

"गहू गळायला लागलाय, महाराज."

आणि खरंच, शिवारातून बारीक टपटप ऐकू येत होती. निदान हाविसला तरी येत होती. थर्स्टननं आभाळाकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं आणि मान हलवत तो पुढे मठाकडे चालू लागला, ती मागे.

दालन थंडगार. खिडक्यांच्या रंगीत काचांमधून निळं-तांबडं ऊन फरशीवर सांडलेलं. हाविसनं जोडे काढले आणि अनवाणी चालायला लागली, हळूहळू, पाण्यात उतरल्यासारखी. तळव्यांखाली दगड घुमताहेत असं तिला वाटलं, लांब कुठेतरी पहाटे कुणी दळत असावं तसे. एका दगडाच्या खुंट्याचं भोक फुटलेलं होतं, त्यात आईनं मारलेली लोखंडी पाचर होती. ती अंगठ्याला लागली आणि तिच्या अंगावर काटाच आला.

"हे! हे माझं!"

मठाच्या दोघा गड्यांनी पहार घातली. दगड वर आला. मग शेजारचा किंचित डुलला, मग त्याच्या शेजारचा, आणि कट्, कट्, कट् करत तो आवाज पार भिंतीपर्यंत गेला. थर्स्टन डोळे मिटून उभा.

दगड गडगडत भर गावातून घरी आणला तिनं! दुपारी ठरल्याप्रमाणे कापणीला गेली, सगळ्या बायका मागून. आणि दिवस कलताना जातं मांडलं, मूठभर गहू घातले, खुंटा फिरवला, तर काय! गहू अख्खेच्या अख्खे बाहेर!

शेजारची एमट पोट धरून हसली. "इतकी वर्षं गावाचे तळवे दळलेत बाई त्यानं, दमलंय ते!"

हाविसनं हात फिरवून पाहिला. दगड झिजून आरशासारखा गुळगुळीत झालेला. तिचे डोळे भरून आले. "आता थर्स्टन म्हणेल, ये शेवटी गिरणीतच."

"म्हणू दे की. टाकी-हातोडा आण आधी."

मग दोघी उंबऱ्यातच बसल्या आणि दगडाला टाकी लावू लागल्या. टक् टक्, टक् टक्. पूर्वी दळायचं म्हणजे दाराच्या फटीत लोकर कोंबून, जात्यावर घोंगडी टाकून. आता दार सताड उघडं. वरचा दगड पुन्हा ठेवला, फिरवला आणि घरघर सुरू झाली. ती गल्लीतून, ओस घरांमधून धुरासारखी पसरत गेली, आणि एकेक बाई दारात येऊन नुसती ऐकत उभी राहिली. पीठ कोमट होतं. एमटनं चिमूट जिभेवर ठेवली.

"दगडाची खर लागतेय गं."

"लागू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्स्टन झगा सावरत शेताकडे धावला. उरलेला गहू उभाच! बायका बांधावर, विळे खांद्यावर, कुणी वाकायला तयार नाही.

एमट पुढे झाली. "महाराज, माझ्या सासूचं जातं दालनात खिडकीखाली आहे. फार कष्ट नाही पडायचे. तसंही आता सैलच झालंय."