बाईंच्या हातात वाजणारा अलार्म

मेकॅनिकने काकांचा हात सुकाणूच्या चाकावरून उचलला आणि बाजूला ठेवला, टेबलावरचा कप सरकवावा इतक्या सहज.

"आज बाई चालवणार," ती म्हणाली.

"अगं, पण तो तिच्याच हातात वाजतो."

"म्हणूनच."

काका चडफडत बाजूला झाले. मेकॅनिकची ही तिसरी खेप होती. इंजिनाचं ऑइल प्रेशर उतरलं की ओरडणारा तो अलार्म महिनाभर मधूनच ओरडत होता आणि मधूनच गप्प बसत होता. आधीच्या दोन खेपांना तिने ऑइल तपासलं, फिल्टर बदलला, सेन्सर नवा घातला. दोन्ही वेळा काकांनी बंदरात आठ-आठ फेऱ्या मारल्या आणि दोन्ही वेळा अलार्म शहाण्या मुलासारखा तोंड मिटून राहिला. असले लपंडाव खेळणारे बिघाड मेकॅनिकच्या डोक्यात जात. इंजिन बंद पडलेलं परवडलं, असं ती सगळ्यांना सांगत असे.

बाई चाकामागे येऊन उभ्या राहिल्या. हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही तळवे रुमालाला पुसले. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. नकाशावर छडी ठेवून मुलांना आखातं आणि सामुद्रधुन्या दाखवल्या होत्या आणि स्वतः एकही ओलांडली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्या बोट चालवायला शिकल्या आणि परीक्षेत काकांपेक्षा अकरा मार्क जास्त मिळवून पास झाल्या. ही बातमी अख्ख्या धक्क्यावर काकांनीच मिरवली होती. मग हा अलार्म सुरू झाला. बाईंनी चाक हातात घेऊन दहा मिनिटं झाली की तो कोकलायचा. काका धावत वर यायचे, चाक हातात घ्यायचे आणि अलार्म थांबायचा. असं चार वेळा झालं. "यंत्रालाही माणूस कळतो बघ," असं काका एकदा गमतीत म्हणाले. बाई तेव्हा हसल्या, पण रुमालाची सवय तेव्हापासूनची.

खाडीपलीकडे बाईंची धाकटी बहीण राहत होती. 'उद्या मी स्वतः बोट चालवत येते, धक्क्यावर उभी राहा,' असं बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. मेकॅनिकला त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "आज पुन्हा वाजला, तर तिला कळवते की हे आणताहेत मला. आणि त्यानंतर मी काही चाकाला हात लावायची नाही." आवाज अगदी साधा होता. मेकॅनिक हातातलं काम टाकून आली ती त्या साधेपणामुळे.

"मी इथे नाहीच असं समजा," दोर सोडताना तिने बजावलं. "एरवी जे करता तेच करायचं. शहाणपणा करायचा नाही."

बोट निघाली. बाईंनी ती धक्क्यापासून इतकी अलगद काढली, की शेजारच्या होडीतला माणूस पेपरातून मान वर काढून बघत राहिला. पाच मिनिटं झाली, मग सात. मेकॅनिकची नजर प्रेशरच्या काट्यावर खिळली होती. काका आधी एका पायावर उभे होते, मग दुसऱ्या. शेवटी त्यांना राहवेना.

"जरा इंजिन बघून येतो," असं म्हणत ते झाकण उघडून खाली उतरले.

पुढच्याच क्षणी अलार्म किंचाळला. बाईंनी झटकन वेग कमी केला. त्यांचा चेहरा पडला. इंजिनाचा आवाज उतरल्याचं ऐकून काका शिडी चढून वर आले.

"वाजला ना?" ते म्हणाले. तोवर अलार्म बंद झाला होता.

एवढ्या बोंबाबोंबीत काटा मात्र तसूभर हलला नव्हता. मेकॅनिकने काट्यावरून नजर काढली आणि काकांच्या बुटांकडे पाहिलं.

"काका, खाली काय करत होता?"

"काही नाही. उभा होतो नुसता."

"नेहमी जाता?"

"ही चालवत असली की जातो. चाळीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर होतो मी. मशीन दुसऱ्याच्या हातात असलं की जवळ जाऊन उभं राहायचं, कान द्यायचा. आवाजावरूनच कळतं सगळं. सवय आहे आपली."

"आणि तुम्ही स्वतः चालवता तेव्हा?"

"तेव्हा खाली कोण जाणार?" काका म्हणाले आणि बोलता बोलता थांबले.

बंदरातल्या शांत पाण्यात त्यांनी नांगर टाकला. मेकॅनिकने इंजिनाजवळची उभं राहायची लोखंडी फळी उचलली. फळीचा एक स्क्रू केव्हाच निखळून पडला होता. खालून अलार्मच्या सेन्सरची वायर गेली होती आणि तिचं आवरण घासून घासून आतली तार लखलखत होती. फळीवर कुणी उभं राहिलं, की तार खालच्या चौकटीला टेकायची आणि इंजिन ठणठणीत असतानाही अलार्म गळा काढायचा.

"म्हणजे मी," काका म्हणाले.

"तुम्ही नाही हो. तुमचं वजन."

बाईंना हसू फुटलं. त्या बाकावर बसून पोट धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काका मात्र हातातली बॅटरी खाली-वर करत राहिले.

"चार वेळा चाक काढून घेतलं तुझ्या हातातून," ते म्हणाले. "चार वेळा गं."

"आजची धरून पाच झाल्या असत्या," बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी काकांच्या शर्टाला लागलेलं ग्रीस रुमालाने पुसलं.

मेकॅनिकने नवी वायर घातली, ती फळीपासून लांबून फिरवली आणि फळीला नवा स्क्रू करकचून आवळला. बॅटरी काकांनी धरली, अगदी सांगितल्या जागी.

"आता कुणीतरी फळीवर उभं राहून बघायला हवं," ती म्हणाली.

"अहो, तुम्हीच जा," बाई म्हणाल्या. "सवय आहे तुम्हाला."

काका मुकाट्याने उतरले. बाईंनी इंजिन सुरू केलं, मेकॅनिकने नांगर वर घेतला आणि बाईंनी हळूहळू वेग वाढवला. दहा मिनिटं गेली, बारा गेली. अलार्म चिडीचूप. काकांना वर बोलावण्यासाठी मेकॅनिकने तोंड उघडलं, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"वाजला का?" खालून आवाज आला. कारखान्यात कमावलेला आवाज, इंजिनाला पुरून उरणारा.

"अजून नाही," बाई ओरडल्या. त्यांचा आवाज वर्गात कमावलेला होता. "जरा जोर देऊन उभे राहा."

बंदराचा बांध मागे पडला. समोर खाडी मोकळी झाली आणि पाण्यावर ऊन पसरलेलं दिसलं. बाईंनी चाक वळवलं, वेग आणखी वाढवला.

"आता?"

"उडी मारून बघा."

खालून धप्पकन आवाज आला. मग पुन्हा एकदा. दुसऱ्या उडीला काका हसत होते, हे वरपर्यंत ऐकू आलं.

मेकॅनिकने पुढे पाहिलं. पलीकडच्या किनाऱ्यावरची घरं एकेक करून वेगळी दिसायला लागली होती.

"बाई, बहिणीकडे उद्या जायचंय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "उद्याही जाऊ."