दीड वीत पीळ

पाचवी गोळी सुटली, निशाणाच्या कागदामागच्या मातीच्या ढिगातून धूळ उडाली आणि तलावाच्या पाळीवर जमलेलं अर्धं आसगाव माना उंचावून बघू लागलं.

वनखात्याचे साहेब कागदाजवळ गेले. वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "पाचातल्या दोन लागल्या, बाई. त्याही कडेला. बाकीच्या तीन कुठं गेल्या, देवालाच ठाऊक."

पाळीवर हशा पिकला. निर्मलाबाई गुडघे झटकत उठल्या. वय एकोणसाठ, अंगाने काटक, आणि जिभेला धार अशी की बाजारात भाजीवाल्या त्यांना पाहून आपणहून भाव कमी करत.

रानडुकरांनी यंदा कहर केला होता. धान लोंबीला आलं की कळप बांधीत शिरायचा आणि सकाळी नांगर फिरवल्यागत चिखल उरायचा. डुकरं मारायची परवानगी मिळत होती, पण साहेबांची अट होती: पन्नास पावलांवरून पाचातल्या चार गोळ्या कागदावर हव्यात. रायफल निर्मलाबाईंच्या नावावर होती. नवरा घनश्याम नऊ वर्षांपूर्वी गेला तेव्हा परवाना त्यांनी तालुक्याला खेटे घालून आपल्या नावावर करून घेतला होता. नेम धरायलाही त्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, सासूच्या डोळ्यांआड.

"काकू, वाईट नका वाटून घेऊ," पुतण्या वीरेंद्र म्हणाला. त्याच्या बगलेत प्लास्टिकची फाइल होती आणि फाइलमध्ये रायफल त्याच्या नावावर करायचा अर्ज. तो अर्ज तीन वर्षं सहीची वाट बघत होता. "या वयात हात कापतेच. आता सही करून टाका."

"शुक्रवारी आणखी एक संधी देतो," साहेब म्हणाले. "नाही जमलं, तर मात्र पुतण्याचं ऐका."

निर्मलाबाईंनी आपला हात डोळ्यांसमोर धरला. तो कापत नव्हता. पण गोळ्या लागल्या नव्हत्या हेही खरंच होतं. आपण म्हातारे झालो की काय, ही शंका त्यांना आयुष्यात पहिल्यांदा चाटून गेली आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही.

"तो कागद द्या मले," त्या साहेबांना म्हणाल्या.

"काहून वो, फ्रेम करून लावता काय?" पाळीवरून कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या पवनीला गेल्या. मांडीवर खोळीतली रायफल आणि नळी पुसायचा पितळी गज, पिशवीत गुंडाळलेला कागद. धनीरामचं बंदूक दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या मागे होतं. धनीरामच्या बापाने मासेमारीचं जाळं सोडून हातात कानस धरली आणि काडतुसं भरायचा परवाना काढला. बाप दोन वर्षांपूर्वी वारला. आता धनीराम दुकान बघत होता. कालच्या गोळ्या त्यानेच भरल्या होत्या.

"धनीरामभाऊ, माझे डोळे गेले की तुझ्या गोळ्या गेल्या, ते सांग," त्यांनी कागद पुढ्यात टाकला.

धनीराम हसत हसत कागद उजेडात धरायला गेला आणि मध्येच त्याचं हसू आटलं. "वहिनी, ही भोकं पाहिली काय तुम्ही?"

"दोनच तर आहेत. पाहायचं काय त्यात?"

"गोल नाहीत ना. लांबुळकी आहेत. किल्लीच्या भोकावानी." त्याने बोट ठेवलं. "गोळी नाकासमोर नाही गेली. आडवी होऊन लागली. नेमाचा काही दोष नाही यात."

निर्मलाबाई स्टुलावर बसल्या. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं.

"मंग दोष कोणाचा?"

"माझाच." धनीरामने कान पकडले. "वीरेंद्र आला होता निरोप घेऊन. म्हणे, डुक्कर दोन मणाचं आहे, गोळी पण वजनदार पाहिजे. मलेबी पटलं. सगळ्यात लांब, जड गोळी बसवून देली. नळीले विचारायचंच राहून गेलं."

"नळी बोलते काय?"

"बोलते ना. पाहा आता."

त्याने रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि ती शिकंज्यात धरली. निर्मलाबाईंच्या पितळी गजाच्या टोकाला त्याने चिंधी घट्ट गुंडाळून तो नळीत घातला. आत खाचा होत्या पिळाच्या. त्या पिळाबरोबर गज आपोआप फिरत फिरत आत सरकू लागला. नळीच्या तोंडाशी त्याने गजावर खडूची खूण केली, एक फेरा पूर्ण झाल्यावर दुसरी केली आणि दोन खुणांमधलं अंतर दोऱ्याने मोजलं.

"दीड वीत," तो म्हणाला. "ढिला पीळ आहे. गोळी भोवऱ्यावानी फिरत निघते, वहिनी. आखूड गोळीले येवढी गिरकी पुरते. लांब गोळीले वीतभरातच फेरा पाहिजे, नाही तर हवेत डोलते आन् आडवी होते. या नळीले हलकी, आखूड गोळीच पाहिजे."

बोलता बोलता तो गज पुसू लागला आणि थांबला. खडूच्या खुणांच्या वर, मुठीच्या बाजूला, कानशीने पाडलेले दोन बारीक चरे होते. त्याने सहज दोरा त्यांवर ठेवला. तंतोतंत बसला.

"हे कोणी केलं वो?"

निर्मलाबाईंनी गज हातात घेतला. नऊ वर्षं दर दसऱ्याला त्या गजाला तेल लावून पुसत आल्या होत्या. ते चरे त्यांच्या बोटांना पाठ होते, आणि जुन्या वस्तूची झीज समजून त्या पुढे जात. घनश्याम दुकानात आला की धनीरामच्या बापाला एकच सांगायचा, आखूडच दे बाप्पा, आखूडच. निर्मलाबाईंना वाटायचं, हा माणूस पैसे वाचवतो. कंजूष म्हणून चारचौघांत चिडवलंही होतं त्याला.

"त्यायनंच केलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं. "येवढं मोजून ठेवलं, आन् मले सांगाले काय झालं होतं या माणसाले?"

शुक्रवारी पाळीवर अर्ध्याऐवजी पूर्ण आसगाव होतं. निर्मलाबाईंनी पदर खोचला, गुडघा टेकला, धनीरामने भरून दिलेल्या आखूड गोळ्या एकेक करून नळीत सरकवल्या. पाच आवाज झाले. साहेब कागदाजवळ गेले आणि चष्मा पुसून त्यांनी भोकं मोजली. मग त्यांनी कागदावर पंजा ठेवला. पाचही भोकं पंजाखाली झाकली गेली, गोल गरगरीत.

"परवानगी कोणाच्या नावानं लिहू?" त्यांनी विचारलं, आणि सवयीने वीरेंद्रकडे बघितलं.

"निर्मला घनश्याम लांजेवार," त्या ठणकावून म्हणाल्या. "आन् वीरेंद्र, तो फाइलीतला कागद दे इकडं. गजाचं तेल पुसाले बरा आहे."

वीरेंद्र ओशाळला, मग सगळ्यांबरोबर हसला आणि अर्ज काढून दिला. पोरगा मनाचा वाईट नव्हता.

पाहायला म्हणून आलेला धनीराम गज उलटासुलटा करत होता. "वहिनी, घासून चकचकीत करून देऊ काय? नव्यावानी दिसन."

"खडू पुसून टाक," निर्मलाबाई म्हणाल्या. "त्या चऱ्यांले हात नको लावू."

घरी आल्यावर त्यांनी रायफल कपाटात कुलूपबंद केली आणि गज नेहमीच्या खिळ्याला टांगला. चरे भिंतीकडे गेले होते. त्यांनी गज फिरवून ते आपल्याकडे केले.

"पाचच्या पाच लागल्या बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.