एकशेवीस जणांचं सूप

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे, चाकांवरची आणि धुराड्याची. जर्मन शिपाई लाडाने मला 'गुलाश तोफ', म्हणजे मांसाच्या रश्श्याची तोफ, म्हणत. दोन्ही महायुद्धांत मी घोड्यांमागून फरफटत गेले. तेव्हा कुठल्या युद्धातली फौज जास्त बळकट, हे मला विचारा; गुत्त्यातले म्हातारे त्यावरून उगाच टेबलं बडवतात.

पहिल्या खेपेला अडीचशे तगडे गडी माझ्यापुढे रांग लावत. चार वर्षांनी त्यांच्या नशिबी नुसते सलगम उरले. दुसऱ्या युद्धातल्या फौजेकडे रणगाडे होते म्हणे. मला मात्र घोडेच ओढत होते. ती फौज सुरुवातीला पोटभर जेवली, पण ते धान्य दुसऱ्यांच्या कोठारांतून लुटलेलं होतं. ते माझ्यात शिजलं, याची मला आजही लाज वाटते.

माझा आचारी विल्को हार्म्स पहिल्या युद्धात साधा शिपाई होता. तेव्हाचे आचारी मेलेल्यांची नावं उशिरा कळवत, म्हणजे जिवंतांना दोन पळ्या जास्त मिळत. दुसऱ्या युद्धात पळी हाती आल्यावर विल्कोही तेच करू लागला. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये आम्ही एका पुलापाशी होतो. माणसं अडतीस उरली होती, बहुतेक कोवळी पोरंच, आणि शिधा एकशेवीसांचा येत होता.

एका दुपारी कॅप्टन केस्लर गोठ्यात ठेवलेल्या टेलिफोनवर बोलून धावत आला.

"हार्म्स, पूल सोडायचा नाही म्हणतात वरचे साहेब! मी अडतीस सांगतोय, तर मलाच भित्रा ठरवतात. शिध्याच्या कागदावर एकशेवीस आहेत ना!"

विल्कोचा हात थांबला. "कागद माझा आहे, साहेब."

"गप्प बस, गाढवा! कबूल केलंस तर गोळी घालतील."

"आणि गप्प बसलो तर? ती पोरं बघा. मिसरूड फुटलेलं नाही एकाला. आमच्या वेळी असल्यांना हसून घरी पाठवलं असतं." त्याने पळी कॅप्टनच्या हातात दिली. "ढवळत राहा, बुडाला लागेल."

कॅप्टन ढवळू लागला. विल्को टेलिफोनकडे गेला आणि गोठ्यातून त्याचा आवाज आला, "हो, ब्याऐंशी मेलेल्यांचं जेवण मीच मागवत होतो!"

तासाभराने माघारीचा हुकूम घेऊन एक गाडी आली. त्याच गाडीतून विल्कोला न्यायला दोन शिपाई आले. पोरांनी घाईघाईने सूप पोटात ढकललं आणि सगळी जिवंत नदीपार गेली. आचारी नेहमी शेवटी जेवतो. विल्को उपाशीच गेला आणि परत आला नाही.

मित्रांनो, माणसांचं बळ कागदावर मोजू नका, तोंडं बघून मोजा. आणि जो वाढतो, त्याला आधी विचारा, "तू जेवलास का?"