उपाशी वाफा

“दोन,” ती म्हणाली.

उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत, तिने भाताचं पान न तोडता हिरव्या छटांच्या पट्टीवर धरलं होतं. फिकट छटेला कमी आकडा, गडद छटेला जास्त. पिकाला नत्र किती मिळालंय ते त्यावरून कळायचं. प्रयोगाच्या शेतावर हे काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच होतं, कारण माणूस बदलला की नजर बदलते. रखवालदार तिला ‘रंगारीणबाई’ म्हणून चिडवायचा.

“दोनच ना? छान!” प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी आकडा टिपला.

छान कसलं डोंबलाचं! या एका वाफ्याला खताचा कणही द्यायचा नाही, असा नियम होता. बाकीचे किती पोसले ते कळावं म्हणून एक उपाशी ठेवायचा. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आज मात्र त्या पिवळट पानांकडे बघवेना.

घरी नवरा अंथरुणात पडून होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याचं गिळणंच गेलं होतं. नाकातली नळी तो पुन्हा पुन्हा ओढून काढायला लागला, तेव्हा डॉक्टरांनीही हात टेकले. “घरी न्या. तोंडाने काही देऊ नका, फुप्फुसात जाईल. गुदमरतील.” खाण्याचा असा शौकीन माणूस, की ताट वाढेपर्यंत धीर नसायचा. आता तो तिच्या हातातल्या कपाकडे टक लावून बघायचा. ती दाराआड उभी राहून चोरासारखे दोन घास गिळायची आणि तिला स्वतःचीच किळस यायची.

“वहिनी, चमचाभर दूध तरी घाला,” नणंद रडकुंडीला आली होती. “उपाशी घालवणार का माझ्या भावाला?”

“ताई, घातलं तर माझ्याच हातून जातील हो ते.”

“आणि नाही घातलं तर?”

तिने ओल्या कापसाचा बोळा त्याच्या ओठांवर फिरवला. त्याने तो दातांत धरला आणि काही केल्या सोडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेतावर कुणी नसताना, तिने शेजारच्या वाफ्यासाठी आणलेल्या पोत्यातून ओंजळभर युरिया उचलला आणि उपाशी वाफ्यात फेकला. मग आणखी एक ओंजळ. आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या मोजणीला मॅडमनी गडद हिरवा झालेला वाफा नुसता पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सगळ्यांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात घातलीत! का पण?”

“उपाशी होता.”

मॅडम ओरडायच्या बेतात होत्या, त्या थांबल्या. “घरी कसे आहेत?”

“गेले. परवा.”

“आणि तुम्ही कामावर आलात?”

“घरात नणंद असते समोर. बोलत नाही माझ्याशी.”

मॅडमनी वही मिटली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “हा वाफा आता बाद झाला. आज उपटून टाकावा लागेल.”

रखवालदार पुढे झाला. “सरा बाई, मी उपटतो.”

“नको. मीच घातलंय.”

ती चिखलात वाकली. पहिलं रोप तिने ओढलं, ते येईना. पोटात चार घास पडल्यावर त्याने जमीन चांगलीच धरली होती. तिला दोन्ही हात लावावे लागले.