दीड महिन्याची फारकत

घरात तिला सगळे बारकी म्हणत, कारण दोन बहिणींत ती धाकटी. वास्तविक थोरलीच्या डोक्यावरून तिला पलीकडचं सगळं दिसे, इतकी ती उंच होती. शाळेत मात्र ती गणिताच्या बाई होती. गेली चार वर्षं सातवीच्या दोन तुकड्यांतल्या मिळून एकशे चार मुलांना ती अपूर्णांक, क्षेत्रफळ आणि शिस्त शिकवत होती. पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी जमत होत्या.

चौथ्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. रोज नाही, फक्त रविवारी, आणि तेही दुपारी चारच्या सुमारास, उद्या सोमवार आहे हे पोटाला कळलं की. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ बघितली आणि विचारलं, "काम काय करता?"

"शाळेत शिकवते."

"अच्छा," म्हणत डॉक्टरांनी पेनाला टोपण लावून टाकलं.

"औषध नाही देणार?"

"सुट्टी कधी लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या मते जगात अडचणी दोनच प्रकारच्या असतात. एक तर दार नीट लागत नाही, नाहीतर वजन जास्त झालेलं असतं. "तुझं वजन जास्त झालंय," तो म्हणाला, आणि आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते समजावण्यात त्याचा पुढचा अख्खा दिवस गेला.

म्हणणं चुकीचं नव्हतं. शिकवणं राहिलं बाजूला. वह्या होत्या, पेपर होते, दर आठवड्याला भरायचे तक्ते होते, ज्यांत मुलांची उंची सप्टेंबरात लिहिली तरी नोव्हेंबरात परत विचारली जाई. पालकांचा ग्रुप होता. त्यात एक बाबा आपल्या लेकीचा अर्धा मार्क परत मिळावा म्हणून तीन दिवस वहीचे फोटो पाठवत होते, वेगवेगळ्या कोनांतून.

सुट्टी लागायला पंधरा दिवस उरले असताना व्हायचं ते झालं. ती त्रिकोण शिकवत होती. मागच्या बाकावरून एका मुलानं तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे का?"

तिनं डस्टर टेबलावर असा आपटला, की शेजारच्या वर्गातला पाढा थांबला. "नाही!" ती ओरडली. "आयुष्यात काहीच परीक्षेला नसतं!"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

तास संपल्यावर ती शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसली. तो मुलगा तसा गरीब होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढंच. त्याचा पडलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिनं वहीचं पान फाडलं, राजीनामा लिहिला आणि तो घेऊन ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

मोठ्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "‘मनःस्थिती’तला विसर्ग राहिलाय," त्या म्हणाल्या आणि कागद खणात ठेवला. "सुट्टी संपायच्या आधीच्या सोमवारी या. तेव्हाही हाच विचार असेल तर मी सही करीन."

"आणि तोवर?"

"तोवर दुसरं काहीतरी करून बघा. घरी बसून छताकडे बघत राहिलं, की माणसाला फक्त छत कळतं."

दुसरं काहीतरी करायची सोय थोरल्या बहिणीनं केली. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, टाइल्सचं दुकान होतं. काउंटरवरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. "ये की आमच्याकडे," ताई फोनवर म्हणाली. "आवडलं तर कायमची राहा. फरश्या उलटून बोलत नाहीत."

दुकान प्रशस्त होतं. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं असावीत तशा टाइल्स उभ्या रांगांत लावलेल्या. मागच्या बाजूला नमुन्याची न्हाणीघरं होती, तीन भिंतींची. त्यांतल्या नळांना पाणी नव्हतं, आरशांसमोर दाढी करणारं कुणी नव्हतं. एकूण अकरा कमोड होते, आणि दिवसभरात एकदाही कुणी हात वर करून "बाई, जाऊ का?" असं विचारलं नाही. पहिल्या दिवशी घरी जाताना बारकीला आपले खांदे खाली आल्यासारखे वाटले. इतकी वर्षं ते कानांपाशी होते हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी दुकानात झुंबड असायची. दुसऱ्या रविवारी तिनं सहज घड्याळ पाहिलं तर पाच वाजून गेले होते. चार कधी वाजले ते पोटाला कळलंच नव्हतं.

"ठरलं," तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "शाळा सोडायची."

"दोनच आठवडे झालेत."

"लिफ्ट दुरुस्त झाली की नाही ते कळायला तुला दोन आठवडे लागतात का?"

"नाही," नवरा म्हणाला. "पण रिकाम्या असताना सगळ्याच लिफ्ट झकास चालतात."

तिसऱ्या आठवड्यात एक नवरा-बायको आली. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. टाइल पसंत पडलेली, दोन बाय दोनची. "किती लागतील?" नवऱ्यानं विचारलं. भाऊजींनी तोंड उघडलं, पण बारकीनं हात करून त्यांना थांबवलं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं गिऱ्हाइकाला विचारलं.

गिऱ्हाईक दचकलं. इकडेतिकडे पाहून म्हणालं, "एकशे वीस भागिले दोन... साठ?"

"कसं काढलंत?"

भाऊजींनी कपाळावर हात मारला. पण बारकीनं तोवर चार टाइल्स खाली जमिनीवर मांडल्या होत्या. त्या गृहस्थांना तिनं फूटपट्टी दिली आणि एक टाइल किती जागा व्यापते ते मोजायला लावलं. ते गुडघ्यांवर बसले. बायको वरून बघत होती. बारकीनं उत्तर सांगायची घाई केली नाही. मग ते गृहस्थ एकदम म्हणाले, "अहो, ही चार फुटांची आहे! म्हणजे तीसच!"

"आणि वर दोन-तीन, फुटतुटीला," बारकी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता, की बायकोनं कुतूहलानं विचारलं, "तुम्हाला कमिशन मिळतं का हो?"

साठाची ऑर्डर तिसावर आली. संध्याकाळी शटर ओढताना भाऊजी एवढंच म्हणाले, "बारके, आपल्या दुकानातून हल्ली गिऱ्हाईक शहाणं होऊन जातंय. फरशी मात्र इथेच राहतेय."

तिनं सुधारायचं कबूल केलं. दोन दिवस सुधारलीही. मग मिस्त्री आले.

मिस्त्री साठीचे होते. कानावर पेन्सिल, गुडघ्यांना पट्टे. चाळीस वर्षं फरश्या बसवत होते आणि नुसत्या नजरेनं माल सांगायचे. पण आता घोडं अडलं होतं. एका नव्या इमारतीतला जिन्याखालचा कोपरा तिरका, त्रिकोणी होता, आणि तिथला तरुण इंजिनिअर म्हणत होता, किती टाइल्स आणि का, ते कागदावर लिहून द्या.

"किती ते मी सांगतो," मिस्त्री म्हणाले. "ते ‘का’ तेवढं तुम्ही लिहून द्या."

"शाळेत शिकवलं नव्हतं?"

"माझं गणिताच्या मास्तरांशी पटलं नाही. दोघांपैकी एकानं शाळा सोडायची होती. मी सोडली."

बारकीनं रद्दीतला एक कागद घेतला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दुमडला आणि कात्रीनं कापला. एक तुकडा त्यांच्या हातात दिला आणि दुसरा समोर ठेवला. मिस्त्रींनी एक तुकडा फिरवला, दुसऱ्यावर ठेवला, कडा जुळवल्या. त्यांची बोटं खडबडीत होती, पण कडा मात्र अशा जुळल्या की बघत राहावं.

"अर्धा," ते हळूच म्हणाले. "चौकोनाच्या अर्धा."

"अर्धा."

मिस्त्री खूश होतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले. "एवढंच होतं? बाई, हे एवढंच होतं? मग मास्तर ओरडत कशाला होते?"

मागच्या बाकावरचा तो मुलगा बारकीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. "त्यांचं पोट दुखत असेल," ती म्हणाली. मिस्त्रींना त्यातलं काही कळलं नाही. पण जाताना त्यांनी दोन्ही त्रिकोण घडी न घालता, जपून वरच्या खिशात ठेवले.

"येत्या रविवारी आणखी तिघांना घेऊन येतो," ते दारातून म्हणाले. "सकाळी दहाला. गोलाचं पण सांगा."

झालं. शनिवारभर बारकीचं गिऱ्हाइकात लक्ष नव्हतं. ती खोक्यांच्या पुठ्ठ्यांतून वर्तुळं कापत होती. चौघं चार प्रकारचे असतील. एखाद्याला वाचता येत नसेल. एखाद्याला चारचौघांत चुकायची लाज वाटेल. आधी काय विचारायचं? रविवारी सकाळी नऊ वाजता पुठ्ठे मांडता मांडता तिच्या पोटात ओळखीची कळ आली. ती जवळच्या कमोडचं झाकण लावून त्यावर बसली आणि दोन्ही हातांनी पोट धरलं.

भाऊजींनी पाहिलं. आत आले आणि समोरच्या कमोडवर बसले. तो त्यांच्याकडचा सगळ्यात भारी नमुना होता.

"काय झालं गं?"

"दुखतंय. शाळेसारखंच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, इथे शाळा नाही, तक्ते नाहीत, तरी दुखतंय. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघाड आहे."

भाऊजींनी जरा विचार केला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक त्या भिंतीपाशी आलं, दोघांना समोरासमोर बसलेलं पाहिलं आणि "सॉरी" म्हणून निघून गेलं.

"मी चौदा वर्षं हे विकतोय," भाऊजी म्हणाले. "एकदाही पोट दुखलं नाही. गिऱ्हाईक आलं तर आलं, गेलं तर गेलं. तू त्या म्हाताऱ्यांना गोल कळेल की नाही, या काळजीत पडलीयेस. हे शाळेनं तुझ्या मागे लावलेलं नाही, बारके. ते तुझंच आहे. तू भाजी विकायला बसलीस तरी गवारीच्या शेंगांवर बेरजा शिकवशील."

"मग जन्मभर पोट धरून बसू?"

"ते मला काय विचारतेस? मी फरशीवाला. पण इथेच राहायचं म्हणालीस तर मला पाटी बदलावी लागेल, ते आधी सांग."

ती रडता रडता हसली. दहा वाजता मिस्त्री तिघांना घेऊन आले. चौघं पुठ्ठ्यांभोवती उकिडवे बसले. एकानं वर्तुळाला दोरा गुंडाळला, दुसरा म्हणाला, "तुझा दोरा सैल आहे," आणि वाद सुरू झाला. वाद रंगला. बारकी मध्ये पडली, मग बाजूला झाली, परत मध्ये पडली. सव्वा अकराला तिच्या लक्षात आलं की पोट केव्हाच थांबलं होतं. बहुधा पहिल्याच प्रश्नाला.

दुपारभर ती त्यावर विचार करत राहिली. मुलांपुढे उभं राहायच्या आधीची कळ एक होती, ती उभं राहिलं की जायची. दुसरी कळ तक्त्यांची आणि त्या ग्रुपची होती. ती मुलांपुढे उभं राहिलं तरी जात नव्हती. चार वर्षं तिनं दोन्हींची बेरीज करून एकच उत्तर काढलं होतं.

ठरलेल्या सोमवारी ती मोठ्या बाईंसमोर बसली. मोठ्या बाईंनी खणातून राजीनामा काढला आणि पेन उघडलं.

"थांबा," बारकी म्हणाली. "मी येते. पण पालकांचा ग्रुप मी बघणार नाही. पालकांनी शनिवारी शाळेत येऊन भेटावं. आणि उंचीचे तक्ते वर्षातून एकदाच."

"तक्ते वरून येतात. त्यात माझं काही चालत नाही."

"मग उंच्या दुसऱ्या कुणीतरी मोजाव्यात."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे वर पाहिलं. "तुमच्याइतकी उंच दुसरी बाई कुठून आणू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "ग्रुप मी घेते. मला वाचलं तरी उत्तर न द्यायची सवय आहे. तक्ते तुमच्याकडेच. आणि वाचनालयाचं कपाट तुमच्याकडे."

"कपाट कुठून आलं?"

"घासाघीस करायला आलात ना? मग काहीतरी घेऊन जावंच लागतं."

बारकी उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "बाई, मी परत एखाद्या मुलावर ओरडले तर?"

"ओरडाल की. मीसुद्धा ओरडते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगायचं, काल माझं चुकलं. पहिल्यांदा जीभ उचलत नाही." त्यांनी राजीनाम्याचा कागद तिच्या हातात दिला. "मागची बाजू कोरी आहे. कच्च्या कामाला होईल."

शाळा सुरू झाली तेव्हा तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवीत गेला होता. बारकी त्याच्या वर्गात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की त्या दिवशी तिचं चुकलं होतं. मुलगा गोंधळून उभा राहिला. त्याला तो दिवस आठवतच नव्हता. बारकी दोन महिने उगाच झुरली होती. तरी सांगून तिला बरं वाटलं.

भाऊजींनी काउंटरवर दुसरी मुलगी ठेवली. ती गिऱ्हाइकाला काहीही विचारत नाही आणि तिच्या हातून माल भराभर जातो. मिस्त्री मात्र अधूनमधून दुकानात डोकावून विचारतात, "त्या बाई कुठे गेल्या?"

मोठ्या बाईंना भेटून आली त्या संध्याकाळी नवरा जेवायला बसला होता. "मग काय ठरलं?" त्यानं विचारलं.

"करते," बारकी म्हणाली. "पण या एका वर्षापुरतंच हं. पुढचं पुढे बघू."

नवऱ्यानं ताटातून मान वर केली. "माझ्याशी लग्न करताना तू ताईला हेच सांगितलं होतंस," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.